चिलटांची बाजू

त्या रविवारी दुपारी अण्णा नेहमीसारखे बनियनवर कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि मी त्यांच्या मागे पलंगावर पुस्तक घेऊन आडवी झाले होते. कूलर चालू होता, पण त्यात पाणी नव्हतं. २०१९ च्या त्या उन्हाळ्यात चिकलठाण्याकडच्या आमच्या कॉलनीत कूलरला पाणी घालायचं म्हणजे शेजाऱ्यांची नजर चुकवून घालावं लागलं असतं. आई दारात बसून ज्वारी निवडत होती. स्पीकरमधून अण्णांच्या गेममधल्या जोडीदाराचा, बद्रीनाथचा आवाज खोलीभर येत होता.

“काका, मोठा आला, मोठा! डाव्या अंगाला बघा!”

“आला तर येऊ दे की,” अण्णा म्हणाले. “तू बघ त्याला. चिलटं माझ्याकडं.”

अण्णा, म्हणजे माझे वडील राजेंद्र, महापालिकेच्या हिवताप विभागातून निवृत्त झाले होते. मी पुण्यात एका कॉलेजात मराठी शिकवते. वर्तमानपत्रं वाचायला म्हणून मी त्यांना माझा जुना कॉम्प्युटर दिला होता. वर्तमानपत्रं त्यांनी काही दिवस वाचली. पुढच्या सुट्टीत मी आले तेव्हा ते बंदूक घेऊन एका ओसाड गावात फिरत होते आणि स्पीकरमधल्या माणसाला सांगत होते, “थांब, घाई करू नको.” मला तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं. कपाटात त्यांचे धम्माचे ग्रंथ, खाली माझी पुस्तकं, आणि मधल्या टेबलावर हे.

गेमचं नाव इंग्रजी होतं. अण्णांनी ते कधी उच्चारलं नाही. ते त्याला ‘वस्ती’ म्हणायचे, कारण नोकरीतही ते रोज वस्त्यांतच जायचे. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर माणसांनी सोडून दिलेली एक वसाहत असते. चौघांनी तिथं उतरायचं, मध्यभागी असलेलं यंत्र चालू करायचं, ते तापेपर्यंत तग धरायचा आणि यान आलं की चढून परत यायचं. हे चौघं कुठंही बसलेले असतात. आपापल्या घरातून खेळतात आणि माईकवर एकमेकांशी बोलतात.

तग धरायचा तो दोन प्रकारच्या जनावरांशी. मोठं जनावर घराएवढं असतं. ते आलं की जमीन हादरते आणि त्याला पाडणाऱ्याचं नाव पडद्यावर झळकतं. लहान असतात ती गुडघ्याएवढी, काटकुळ्या पायांची, राखेच्या रंगाची. गटारीतून, भिंतींच्या भेगांतून ती लोंढ्यानं येतात. एकाचा चावा म्हणजे काहीच नाही. पण दहा-वीस अंगावर चढली की पडदा थरथरायला लागतो, नेम धरता येत नाही, बंदूक भरता येत नाही, आणि तेवढ्यात मोठं येऊन चिरडतं. लहानांना मारण्याचे गुण जवळजवळ नसतातच. म्हणून सगळे मोठ्याच्या मागे लागतात, लहानांवर वैतागतात, त्यांच्यावर सैरावैरा गोळ्या झाडून बंदूक रिकामी करतात आणि मग ओरडत बसतात.

अण्णा त्यांना चिलटं म्हणायचे. वस्तीत उतरलं की ते आधी एखादा अरुंद बोळ शोधायचे. यंत्राकडे येणारी चिलटं जिथून फुटणार तिथं जाऊन ते भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. पहिली काही आली तरी गोळी नाही. बंदुकीच्या दस्त्यानं त्यांना ढकलत एकेक पाऊल मागे घ्यायचे.

“मारा की काका,” बद्रीनाथ ओरडायचा. “अंगावर आली तुमच्या!”

“गोळा होऊ दे.”

“गोळा काय होऊ दे? लई झाली!”

“आजून होऊ दे.”

बोळ काठोकाठ भरला की अण्णा एकच आगीचा गोळा टाकायचे आणि पडदा लाल होऊन पुन्हा स्वच्छ व्हायचा. कधी अंदाज चुकायचा आणि चिलटं त्यांना खाऊन टाकायची. तेव्हाही त्यांची बंदूक गोळ्यांनी भरलेली असायची. “अण्णा, गोळ्या वापरायसाठीच असतात,” मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचे. ते म्हणायचे, “लागतील की पुढं.” आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या शहरात आयुष्य काढलेल्या माणसाला हे कसं समजावणार?

बद्रीनाथ लासूर स्टेशनचा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडत दुकानावर दिवाणजी होता, पस्तिशीतला, दोन मुलींचा बाप. त्या वर्षी मोंढ्यात मालच येत नव्हता. दुकान उघडं ठेवायचं आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची एवढंच काम उरलं होतं, म्हणून दुपारभर तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर वस्तीत असायचा. वर्षभरापूर्वी कधीतरी चार अनोळखी माणसांच्या गलक्यात त्यानं विचारलं होतं, “अरे मराठी हाय का कुणी इथं?” आणि अण्णा म्हणाले होते, “हाय की. कुठला तू?” तेव्हापासून दोघं रोज बरोबर असायचे. उरलेले दोघं रोज वेगळे, कुठले कुठले. अण्णा आणि बद्रीनाथ एकमेकांना कधी भेटले नव्हते. त्यांनी एकमेकांचं आडनावही कधी विचारलं नव्हतं. अण्णांना त्यातली गंमत आवडायची. “वर्ष झालं,” ते एकदा आईला म्हणाले होते, “अन् त्यानं आजून विचारलं नाय. मी बी नाय.”

त्या रविवारी यंत्र तापलं, यान आलं. बद्रीनाथ आणि बाकीचे दोघं चढले. अण्णा बोळातच होते, चिलटं थोपवत.

“काका, निघा आता!”

“तुम्ही बसा. आलो मी.”

“आलो आलो म्हणता अन् दर वेळी मागंच राहता. आज मोठा एक बी नाय मारला तुम्ही.” बद्रीनाथ रंगात आला होता. “खरं सांगा काका, नोकरीत बी असंच ना? जन्मभर माश्याच मारल्या ना तुम्ही?”

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, “नळ आले! नळ आले!”

आई ज्वारीचं सूप तसंच ठेवून उठली. अण्णांनी माउस सोडला, खुर्ची मागे गेली ती माझ्या पायावर. ते धावत बाहेर. पाइप कुठंय, मोटर कुठंय, झाकण काढ, एकच धांदल. मी बादल्या घ्यायला वळले तेव्हा पडद्यावर अण्णांचा माणूस बोळात एकटाच उभा होता आणि चिलटं त्याच्या अंगावर चढत होती. स्पीकरमधून बद्रीनाथ म्हणत होता, “काका? ओ काका? अहो, चेष्टा केली मी.”

आमच्या घरात मोटर लावली की दुसरं काही चालवता येत नसे, फ्यूज उडायचा. मी खाली वाकून कॉम्प्युटरचं बटण बंद केलं.

हौदावर अण्णा पाइप धरून उभे होते आणि हसत होते. “ऐकलं का गं? बद्र्या म्हणतोय, जन्मभर माश्या मारल्या मी.”

“मग खरंच बोलला की,” आई म्हणाली.

“माश्या कुठं? डास म्हणावं त्याला, डास. माश्यांचं खातं येगळं असतंय.”

आई हसली, मीही हसले. पाणी तासभर आलं. हौद भरला, ड्रम भरले, पातेली, कळशा, अगदी आंघोळीचा तांब्यासुद्धा भरून ठेवला. रात्री जेवताना अण्णांना पुन्हा ते आठवलं आणि त्यांना ठसका लागला.

सोमवारी सकाळी चहा झाल्यावर ते गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघायला जिन्यानं वर निघाले आणि मध्येच पायरीवर बसले. मला वाटलं, दम लागला असेल. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी पेला हातात धरला, पण तो तोंडापर्यंत नेला नाही. शेजाऱ्यांची रिक्षा होती. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. जालना रोडवर सिग्नलला आम्ही थांबलो तेव्हा ते जड झालं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला तिथंच कळलं होतं.

त्यानंतरचं सगळं इतरांनी केलं. गोजरबाई आत्या, अण्णांची थोरली बहीण, गावाहून आली ती फोन घेऊनच बसली. एकेकाला लावायची आणि दर वेळी त्याच शब्दांत सांगायची, “आपला राजू गेला रे. नाय, आजारी-बिजारी काय नव्हता. उभ्या उभ्या गेला.” आईकडे बघूनच सगळ्यांना समजत होतं. मी कॉलेजला मेसेज टाइप केला. मैत्रिणींना तोच पुढे पाठवला. घरी येणारा प्रत्येक जण आधीच ऐकून आलेला असायचा. तोंडानं ते वाक्य म्हणायची माझ्यावर वेळच आली नाही. आधी मला वाटलं, तो योगायोग आहे. मग लक्षात आलं की मी ती वेळ येऊ देत नव्हते. फोन वाजला की मी भांड्यांकडे जात होते.

जलदान विधी झाला. भन्तेजी येऊन गेले, कॉलनीतली, खात्यातली माणसं येऊन गेली. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या मोबाइलवर फोन आला. घरात मी एकटीच जागी होते.

“राजेंद्रभाऊ आहेत का?”

“नाहीत,” मी म्हणाले.

“बरं, आले की सांगा, सांडूचा फोन होता म्हणावं.”

“सांगते.”

मी फोन ठेवला. मी खोटं बोलले नव्हते. आपल्या भाषेत तो एकच शब्द दोन्हीला चालतो. बाजारात गेलेला माणूसही नाही, आणि हाही नाही. वर्गात मी शब्दांच्या छटा शिकवते, आणि इथं एका शब्दाच्या दोन अर्थांमधल्या फटीत जाऊन बसले होते. तिथं अण्णा अजून परत येऊ शकत होते.

आत्या गावी गेली. मी रजा वाढवून घेतली. दुपारी आई आणि मी दोघीच उरायचो. आमच्यामागे एक नवी इमारत चढत होती, तिच्या बोअरचं यंत्र दिवसभर घरघरायचं. बाराशे फूट गेले तरी नुसती धूळ निघतेय, असं गल्लीत म्हणत होते. अण्णांनी घर बांधलं तेव्हा इथं विमानतळाची भिंत आणि ज्वारीची शेतं एवढंच होतं. मग शहर इकडे सरकत आलं. दर वर्षी अण्णांच्या वाट्याची तपासायची घरं वाढायची, खात्यातली माणसं तेवढीच राहायची. दुष्काळाच्या वर्षी त्यांचं काम दुप्पट व्हायचं हे लोकांना पटायचं नाही. पाऊस नाही तर डास कुठले? पण पाऊस नसला की माणसं पाणी साठवतात, आणि साठवलेल्या पाण्यात अळ्या होतात. अण्णा ड्रम ओतून द्यायला सांगायचे आणि बाया त्यांच्या अंगावर धावून यायच्या, “तू आणून देतो का रे पाणी?” एकीनं तर त्यांच्या डोक्यावर रिकामी घागर हाणली होती. ती खूण कपाळावर होती. ते काहीच न बोलता पुढच्या घरी जायचे असं मला वाटायचं. आई म्हणाली, “छे. दोन शिव्या दिल्याबिगर हलायचे नायत ते.”

एका दुपारी आईच म्हणाली, “ते जरा लाव ना.”

“काय?”

“त्यांचं ते. ढिश्यूम ढिश्यूम. घर लई गप्प झालंय.”

मी कॉम्प्युटर लावला. मला वाटलं होतं नुसता आवाज चालू ठेवावा आणि पुस्तक घेऊन बसावं. पण वस्ती उघडली ती अण्णांच्या नावानंच उघडली, आणि मी खुर्चीत नीट बसते न बसते तोच स्पीकर ओरडला.

“काका! आलात व्हय! कुठं होता इतके दिवस?”

माईकचं बटण अण्णांनी चिकटवलेल्या लाल टिकलीखाली होतं. माझा हात तिकडे गेला नाही.

“माईक बिघडला का? बरं ऱ्हाऊ द्या. चला, चला आधी.”

आणि मी गेले. आई दारात येऊन बसली. मागून बघून बघून मला खेळ माहीत होता, पण बघणं वेगळं. चिलटं आली आणि मी सगळ्या गोळ्या एका दमात झाडल्या. त्यातल्या निम्म्या भिंतीत गेल्या. ती अंगावर चढली, पडदा हलायला लागला, मला आकाश दिसायला लागलं. बद्रीनाथ पळत आला, त्यानं मला उठवलं.

“हात कापायलेत का काका? तब्येत बरी हाय ना?”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले. आईनं सांगायच्या आधीच बसले. तिसऱ्या दिवशीही. हळूहळू हातांना कळायला लागलं. चिलटांकडे बघायचंच नाही, ती जिथून फुटतात त्या भेगेकडे बघायचं. मागे सरताना भिंतीचा कोपरा सोडायचा नाही. पहिल्या चाव्याला दचकायचं नाही, कारण दचकलं की बोट दाबलं जातं. बोळ भरेपर्यंत थांबणं हे सगळ्यात अवघड. अंगावर काहीतरी चढतंय आणि आपण काहीच करत नाही, हे शरीराला पटत नाही. एकदा जमलं. बोळ गच्च भरला, मी गोळा टाकला, पडदा लाल झाला आणि निवळला.

“हां! आता कसं!” बद्रीनाथ ओरडला. “आता आले माझे काका!”

आईनं सूप खाली ठेवलं आणि ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती पाणी घेऊन आली आणि माझ्याशेजारी ठेवून परत बसली.

लासूर स्टेशनच्या एका दुकानात अण्णा अजून रोज दुपारी येत होते. तिथं त्यांचा माईक बिघडलेला होता, बाकी ते ठीक होते. जगात एवढी एकच जागा उरली होती जिथं कुणाला काही कळलं नव्हतं, आणि मी ती राखत होते. मी बोलले की तिथंही ते संपणार होते. हे सगळं मला त्या खुर्चीत बसताना रोज स्पष्ट दिसत होतं. तरी मी बसत होते.

मात्र त्या जागेत बद्रीनाथही होता.

त्याचं बोलणं बदलत गेलं. आधी तो एकटाच दोघांचं बोलायचा. दुकानात उंदीर झालेत, धाकटीला गोवर आलाय, टँकर आज सरपंचाच्या दारात निम्मा रिकामा झाला. मधे मधे थांबायचा, अण्णा काही म्हणतील म्हणून. त्या थांबण्यात माझे कान गरम व्हायचे. मग त्याचे विनोद बंद झाले. मग एक दिवस वस्तीत उतरल्या उतरल्या तो माझ्याआधी बोळात जाऊन उभा राहिला.

“काका, आज मोठा तुमचा,” तो म्हणाला. “चिलटं मी बघतो.”

मी यंत्राजवळ उभी राहिले. मोठं जनावर आलं. त्याला कसं पाडायचं मला ठाऊक नव्हतं, अण्णांनी ते कधी केलंच नव्हतं. बद्रीनाथ बोळात चिलटांखाली बुडत होता आणि तरी ओरडत होता, “मारा काका! नाव लागू द्या तुमचं!” त्यालाही थांबता येत नव्हतं, माझ्यासारखंच. आम्ही चौघं मेलो. बाकीच्या दोघांपैकी कुणीतरी हिंदीत शिवी दिली. बद्रीनाथ त्याला म्हणाला, “ए भाई, बुजुर्ग आदमी है, जबान सँभाल के.” आणि मग मराठीत, हळू आवाजात, “ते माश्यांचं मनावर घेतलं ना तुम्ही?”

मी लाल टिकलीकडे बघितलं, हात माउसवरच ठेवला.

“माझी बायको बी म्हणली, तुमच्या तोंडाला हाड नाय. बापाच्या वयाचा माणूस, त्याच्या नोकरीवर बोलायचं नसतंय. आता चूक झाली, काका. काय करू?”

कॉम्प्युटर बंद केल्यावर आई दारातून म्हणाली, “तो पोरगा माफी कशाची मागायलाय?”

“त्याला वाटतंय अण्णा रुसलेत.”

“रुसलेत? अगं, पोट धरून हसत होते ते.”

“हो.”

“मग सांग की त्याला.”

मी माउसची वायर गुंडाळत बसले. आईनं पदरानं कपाळ पुसलं.

“तुझ्यानं होत नसंल तर मी सांगते, विशू. मी बऱ्याच जणांना सांगितलंय आता.”

“मी सांगेन,” मी म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही. बद्रीनाथही फारसा बोलला नाही. नुसतं “काका, मागं बघा,” “काका, निघा,” एवढंच. यान आलं तेव्हा तो चढला नाही, मी चढेपर्यंत खाली उभा राहिला आणि मग चढता चढता चिलटांनी त्याला खाल्लं. पडद्यावर त्याचं नाव राखाडी झालं. रात्री मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. लागली. सकाळी उठले तेव्हा मात्र मला अण्णांची आठवण आली नाही, आधी त्याची आली.

दुपारी मी कॉम्प्युटर लावला. आई ओट्यापाशी होती. वस्तीत उतरलो तेव्हा आज आम्ही दोघंच होतो, बाकीच्या दोन जागा भरल्याच नाहीत. मी माझा बोळ धरला. बद्रीनाथ यंत्रापाशी गेला नाही. माझ्या बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला, बंदूक खाली करून.

“काका, एक सांगायचं होतं,” तो म्हणाला. “उद्यापासनं मी येत नाय. तुम्ही खेळा. तुमचा खेळ हाय, तुम्ही माझ्यापायी गप बसावं हे बरं दिसत नाय. मला बघून तुम्हाला तरास होत आसंल तर कशाला उगं. वर्षभर लई बरं वाटलं, काका. मोंढ्यात बसून माणूस येडा झाला आसता. एवढंच. चला, ठेवतो.”

भेगेतून पहिली चिलटं बाहेर आली होती. मी बंदूक सोडली आणि लाल टिकली दाबली. आधी नुसता माझा श्वास गेला असावा, कारण तो एकदम म्हणाला, “काका?”

“बद्रीभाऊ,” मी म्हणाले.



“कोण बोलतंय?”

“मी विशाखा. त्यांची मुलगी.”

“आं? ताई! पुण्याच्या ताई का? पुस्तकंवाल्या?” त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. “नमस्कार ताई! काका सांगायचे तुमचं. द्या बरं जरा त्यांना. दोनच मिनिटं.”

“ते रागावले नव्हते,” मी म्हणाले. “त्या रविवारी नळ आले होते. मोटर लावायची म्हणून मीच कॉम्प्युटर बंद केला. तुम्ही बोललात ते ऐकून ते हसत होते. रात्री जेवतानाही हसत होते.”

“व्हय?”

“हो. आईला विचारा.”

“नळ आले होते!” बद्रीनाथ हसायलाच लागला, आणि हसता हसता नाक ओढलं. “आन् मी हितं रोज मरायलोय! नळ आले व्हय! अहो, आमच्याकडं टँकर आला की बाया लेकरू टाकून पळत्यात. मला बायको म्हणली होती, काहीतरी काम निघालं आसंल. मग माईक कवा दुरुस्त करायचे? द्या की त्यांना ताई, मला जरा शिव्या खाऊ द्या.”

चिलटं गुडघ्यापर्यंत आली होती. आई ओट्यापासून दारात आली होती, हात ओले.

“ते नाहीत, भाऊ,” मी म्हणाले.

“भायेर गेलेत? मग आत्ता तुम्ही खेळायल्या होय! तरीच म्हणलं, काका इतक्या गोळ्या कधीपासनं उधळायले. बरं, येऊ द्या त्यांना. मी थांबतो. आले की सांगा, बद्र्या...”

‘सांगते’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता.

“गेले ते,” मी म्हणाले.

“कुठं? गावाकडं?”

पडदा थरथरायला लागला होता. बोळ दिसेनासा झाला होता. आई माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“नाही, बद्रीभाऊ,” मी म्हणाले. “अण्णा वारले. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. माझे अण्णा वारले.”